रात्री अध्ययन, दिवसा सेवा



सर्व स्तुती त्या अल्लाहसाठी, ज्याने मानवाच्या हाती लेखणी दिली आणि त्याला ठाऊक नसलेले ज्ञान शिकविले. आणि दरूद व सलाम असो आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर, ज्यांनी ज्ञान आणि करुणा यांची कधीही ताटातूट होऊ दिली नाही.

बंधू-भगिनींनो, महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झाले की आमच्या मुळशी तालुक्यातील मशिदींत, नमाजनंतर थांबलेल्या पालकांच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास निघतो. मुलगा किंवा मुलगी राष्ट्रीय सेवा योजनेत नाव नोंदवू इच्छिते. आठवड्यातून काही तास गावात काम, आणि हिवाळ्यात सात दिवसांचे शिबिर. वडील म्हणतात, "मौलाना, सात दिवस अभ्यास बुडणार. आधी शिकू द्या, नोकरीला लागू द्या, मग सेवेला सारे आयुष्य पडलेच आहे."

या बोलण्यामागील काळजी खरी आहे. ज्या घरात पहिलाच मुलगा पदवीच्या वर्गात पोहोचला आहे, त्या घराने पोटाला चिमटा घेऊन त्याची फी भरलेली असते. तिथे एकेक गुण मोलाचा वाटतो. ही काळजी कमी लेखून उपदेश करणे हा अन्याय ठरेल. तरीही हा प्रश्न दीनच्या तराजूत तोलून पाहिला पाहिजे. आधी शिक्षण आणि नंतर सेवा, असा क्रम खरोखर आपल्या दीनने घालून दिला आहे काय?

मदीनेतील सत्तर विद्यार्थी

सहीह मुस्लिममध्ये हजरत अनस (रजि.) यांनी एक वृत्तांत कथन केला आहे. मदीनेत अन्सारपैकी सत्तर जणांचा एक गट होता. लोक त्यांना 'कुर्रा' म्हणत, म्हणजे कुरआनचे पठण करणारे. रात्री हे लोक कुरआन शिकत, एकमेकांस शिकवीत. दिवस उजाडला की ते पाणी आणून मशिदीत ठेवीत. लाकूडफाटा गोळा करून बाजारात विकत आणि त्या पैशांतून सुफ्फावरील निराधारांसाठी व गोरगरिबांसाठी अन्न विकत घेत.

क्षणभर थांबून या दिनक्रमाचा विचार करा. हे त्या काळातील सर्वोच्च शिक्षण घेणारे विद्यार्थी होते. त्यांचे शिक्षक साक्षात प्रेषित (स.) होते आणि त्यांचा अभ्यासविषय अल्लाहची वाणी. अभ्यासाला पूर्ण वेळ हवा म्हणून सेवेतून सूट मागण्याचा अधिकार कुणाला असता, तर तो यांना होता. पण त्यांनी ती मागितली नाही. आपल्या मराठीत एखाद्यापुढे पाणी भरणे हा कमीपणा दाखविणारा वाक्प्रचार आहे. कुरआनच्या या विद्यार्थ्यांनी तहानलेल्यांसाठी खरोखरच पाणी भरले आणि त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

हे अध्ययन कशासाठी, हे कुरआननेच स्पष्ट केले आहे. सूरह तौबाच्या १२२ व्या आयतीत असा आदेश आहे की, सर्वच श्रद्धावंतांनी मोहिमेवर निघू नये. प्रत्येक समूहातील काहींनी दीनची जाण मिळविण्यासाठी वेळ द्यावा आणि मग आपल्या लोकांकडे परतून त्यांना सावध करावे. म्हणजे ज्ञानासाठी बाजूला होण्याची मुभा आहे, परंतु तिच्यासोबत परतण्याची अटही आहे. जो शिकला आणि आपल्या लोकांकडे परतलाच नाही, त्याने आयतीचा अर्धाच भाग आचरणात आणला.

हजरत झैद बिन साबित (रजि.) यांचेही उदाहरण पाहा. ते अजून अल्पवयीन होते. प्रेषितांना (स.) यहुदी लोकांशी पत्रव्यवहार करावा लागे आणि तो विश्वासाने वाचणारा, लिहिणारा आपला माणूस हवा होता. प्रेषितांनी (स.) झैदना ती लिपी शिकण्यास सांगितले. त्यांनी ती सुमारे पंधरा दिवसांत आत्मसात केली आणि पुढे ही पत्रे तेच वाचू व लिहू लागले. समाजाची गरज दिसली आणि अभ्यासाला वेग आला. याच तरुणावर पुढे हजरत अबू बक्र (रजि.) यांनी कुरआनच्या संकलनाची जबाबदारी सोपविली. सेवेने त्यांचे शिक्षण अडले नाही; सेवेनेच त्यांना मोठ्या अमानतीसाठी तयार केले.

आपल्या अवतीभवती

हा विचार आज आपल्या परिसरातही निराळ्या नावांनी वावरत आहे. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. तेव्हा ३७ विद्यापीठांतील सुमारे ४० हजार विद्यार्थी तिच्यात होते. योजनेतील विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास समाजासाठी द्यावेत आणि एका विशेष शिबिरात राहावे, अशी अपेक्षा असते. महाविद्यालय एखादे गाव दत्तक घेते. तिथे मुले-मुली सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा घालतात, झाडे लावतात, रस्ते झाडतात, घरोघरी जाऊन पाहणी करतात. योजनेच्या बोधवाक्याचा भाव असा की, मी नंतर, तू आधी. अन्सारच्या ज्या गुणाची सूरह हश्रमध्ये प्रशंसा झाली, स्वतः निकडीत असूनही दुसऱ्याला पुढे करण्याचा तो ईसार, याच्याशीच नाते सांगणारा हा भाव आहे.

पौडजवळ, खुबवली गावावरच्या टेकडीवर १९९७ पासून महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. अनेक देशांतील सोळा ते एकोणीस वर्षांची मुले तिथे दोन वर्षे एकत्र राहून शिकतात. त्यांच्या पदविकेच्या अभ्यासक्रमात गणित, विज्ञान, भाषा यांच्या जोडीला सेवाकार्यही अनिवार्य आहे. ते पूर्ण केल्याखेरीज पदविका मिळत नाही. या महाविद्यालयांची मूळ कल्पना कुर्ट हान या जर्मन शिक्षकाची. हिटलरला विरोध केल्यामुळे १९३३ मध्ये त्यांना तुरुंगवास भोगावा लागला आणि पुढे ते ब्रिटनमध्ये स्थायिक झाले. १९६२ मध्ये वेल्सच्या समुद्रकिनारी या मालिकेतील पहिले महाविद्यालय उघडले. तिथे विद्यार्थ्यांना समुद्रात संकटात सापडलेल्यांना वाचविण्याचे प्रशिक्षण मिळे आणि विद्यार्थी स्वतः बचाव-नौका चालवीत. परीक्षेची तयारी करणारा मुलगा हाक आली की समुद्रात उतरत असे. आपण जे मदीनेच्या मशिदीत पाहिले, ते दुसऱ्या भूमीवर एका निराळ्या श्रद्धेच्या माणसालाही उमगले. चांगली गोष्ट जिथे दिसेल तिथून उचलावी, ही तर आपल्या वडीलधाऱ्यांचीच शिकवण आहे.

आणि शिकलेल्या माणसाने खेड्यासोबत उभे राहणे मुळशीला नवे नाही. धरणात जमिनी जाणार म्हणून इथल्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू केला, तेव्हा त्याचे नेतृत्व करणारे पांडुरंग महादेव बापट हे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले आणि शिष्यवृत्ती मिळवून एडिंबरोपर्यंत गेलेले विद्वान होते. धरण झाले, त्याचे पाणी डोंगरापलीकडे भिऱ्याच्या वीजकेंद्राकडे गेले. पण मावळ्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या त्या माणसाला लोक आजही 'सेनापती' म्हणूनच ओळखतात.

सेवा कशी करावी: हजरत मूसा यांचा धडा

तरुण मित्रांनो, सेवेचे शिष्टाचार शिकायचे असतील तर सूरह कसस उघडा आणि हजरत मूसा (अलै.) यांचा मदयनचा प्रसंग वाचा. ते त्या वेळी तरुण होते, परक्या मुलखात होते, जिवाच्या भीतीने दूरचा प्रवास करून थकले होते. विहिरीवर धनगरांची झुंबड उडाली होती आणि दोन मुली आपली जनावरे आवरून एका बाजूला उभ्या होत्या. मूसा (अलै.) यांनी तीन गोष्टी केल्या.

पहिली, त्यांनी विचारले: तुमची अडचण काय? आपल्या मनाने काही ठरविले नाही. मुलींनी सांगितले की, धनगर निघून गेल्याशिवाय आम्हाला पाणी पाजता येत नाही आणि आमचे वडील वृद्ध आहेत. गावात शिबिराला जाणाऱ्या विद्यार्थ्याने हा पहिला धडा गिरवावा. ताम्हिणीच्या पावसात भातलावणी करणाऱ्या माणसाला पाण्याचे महत्त्व समजावून सांगण्याआधी, उन्हाळ्यात त्याच्या वाडीचा झरा कधी आटतो, हे त्याला विचारावे. कातकरी वस्तीवर स्वच्छतेचे भाषण देण्याआधी, तिथल्या मुलांना शाळेत जाण्यासाठी कोणता कागद अडतो आहे, हे विचारावे. पुष्कळदा गरज फावड्याची नसते. अर्ज भरून देणाऱ्या, दाखला कुठे मिळतो ते सांगणाऱ्या, शिष्यवृत्तीची मुदत लक्षात आणून देणाऱ्या शिकलेल्या माणसाची असते.

दुसरी, त्यांनी पाणी पाजले. थकव्याची सबब सांगितली नाही, काम अर्धवट सोडले नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण. काम होताच ते सावलीत जाऊन बसले. मोबदला मागितला नाही, नाव सांगितले नाही, आभाराची वाट पाहिली नाही. आपली गरज त्यांनी केवळ आपल्या पालनकर्त्यापुढे मांडली आणि त्याच्याकडून येणाऱ्या भल्याची आपल्याला निकड आहे, एवढेच म्हटले. अल्लाहने त्यांना निवारा दिला, रोजगार दिला, कुटुंब दिले. विहिरीपासून सावलीपर्यंतची ती चार पावले आपल्याला जमतात काय?

गुण, प्रमाणपत्र आणि नीयत

इथे आपण या विषयाच्या गाभ्याशी येतो. सेवेचे तास वहीत नोंदवले जातात, त्यावर सही घेतली जाते, काही ठिकाणी वाढीव गुण मिळतात, परदेशी प्रवेशाच्या अर्जात त्याचा उल्लेख करता येतो. बंधाऱ्यावर एक दगड ठेवताना दहा छायाचित्रे निघतात. यात कायद्याने काही चूक नाही आणि प्रमाणपत्र घेणे हराम नाही. परंतु अंतःकरणाला एक प्रश्न विचारलाच पाहिजे: उद्या ही वही रद्द झाली, तर मी या वस्तीवर पुन्हा येईन काय?

हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी कथन केलेली एक हदीस अंगावर काटा आणते. निवाड्याच्या दिवशी ज्यांचा निर्णय सर्वप्रथम होईल त्यांत तिघे असतील: एक हुतात्मा, एक विद्वान, एक दानशूर. तिघेही आपापल्या कर्तबगारीचा पाढा वाचतील. त्यांना सांगितले जाईल की, तू शूर म्हणवून घेण्यासाठी लढलास, विद्वान म्हणवून घेण्यासाठी शिकलास, दानी म्हणवून घेण्यासाठी दिलेस. आणि लोकांनी तुला तसे म्हटलेही. तुझे देणे तुला तिथेच मिळाले. मग त्यांना नरकाकडे ओढत नेले जाईल. ही हदीस सांगताना अबू हुरैरा (रजि.) यांची शुद्ध हरपत असे, असे वृत्तांतात आले आहे. लक्षात घ्या, या तिघांत शिकणाराही आहे आणि सेवा करणाराही आहे. विद्यार्थी आणि सेवक या दोन्ही भूमिका एकदम निभावणाऱ्याने तर दुप्पट सावध राहावे.

याउलट सूरह दहरमध्ये त्या सज्जनांचे वर्णन आले आहे, जे स्वतःला अन्नाची ओढ असूनही निर्धन, अनाथ व कैद्याला जेवू घालतात आणि मनाशी म्हणतात की, हे केवळ अल्लाहसाठी आहे. आम्हाला ना परतफेड हवी, ना आभार.

यावर काही तरुण असा निष्कर्ष काढतील की, नीयत शुद्ध होईपर्यंत कामच नको. हाही सैतानाचा एक डाव आहे. काम सोडू नये, नीयत सुधारत राहावे. त्यासाठी एक सोपा उपाय आहे. नोंदवहीतल्या तासांबरोबर आठवड्यातून एक तरी काम असे करावे, ज्याची नोंद कुठेच होणार नाही आणि जे अल्लाहखेरीज कुणालाही ठाऊक असणार नाही. तेच बाकीच्या कामांचे मीठ ठरेल.

दोन्ही बाजूंचा हक्क

दुसऱ्या टोकाबद्दलही बोलले पाहिजे. काही तरुण समित्या, मेळावे, मोर्चे यांत इतके रमतात की हजेरी घटते, विषय राहतात आणि आई-वडिलांच्या कष्टाचे पैसे वाया जातात. याला सेवा म्हणता येत नाही. हजरत सलमान (रजि.) यांनी आपले बंधू अबू दर्दा (रजि.) यांना उपासनेत स्वतःला व घराला विसरताना पाहिले, तेव्हा त्यांना समजावले की तुझ्या पालनकर्त्याचा, तुझ्या देहाचा आणि तुझ्या घरच्यांचा तुझ्यावर हक्क आहे, ज्याचा हक्क त्याला दे. प्रेषितांनी (स.) सलमानचे म्हणणे खरे ठरविले. उपासनेसाठीही जिथे घरच्यांचा हक्क डावलता येत नाही, तिथे मेळाव्यासाठी तो कसा डावलता येईल?

अभ्यास हाही हक्क आहे, नव्हे, समाजाचे देणे आहे. इमाम गझाली यांनी 'इह्या'मध्ये वैद्यकशास्त्राला फर्ज-ए-किफाया ठरविले आणि आपल्या काळातील विद्यार्थी वादविवादाच्या विद्येकडे गर्दी करतात, वैद्यकाकडे वळत नाहीत, याबद्दल खेद व्यक्त केला. जो विद्यार्थी उत्तम परिचारक, अभियंता, शिक्षक किंवा वकील होण्यासाठी मनापासून राबतो, त्याची अभ्यासातील प्रत्येक रात्र उद्याच्या सेवेचा पाया आहे.

पालकहो, आता हिशेबही करून पाहू. दोन वर्षांत २४० तास, म्हणजे वर्षाला १२० तास. रोजच्या मापात ते वीस मिनिटेही होत नाहीत. आपल्या मुलांच्या हातातील मोबाइल दिवसाकाठी किती वेळ घेतो, हे आपण सारेच जाणतो. परीक्षेतील अपयशाचे खापर त्या वीस मिनिटांवर फोडणे न्यायाचे होईल काय? आणि "नोकरी लागल्यावर सेवा" असे म्हणताना हेही ध्यानात असू द्या की, नोकरीनंतर लग्न येते, घराचे हप्ते येतात, मुलांची फी येते. एकोणिसाव्या वर्षी ज्या हाताला देण्याची सवय लागली नाही, तो हात चाळिसाव्या वर्षी सहजासहजी उघडत नाही.

मुलींच्या बाबतीत आपला संकोच अधिक असतो. सुरक्षितता, निवास, शिक्षिकांची सोबत, पडदा यांची चौकशी अवश्य करावी. तो आपला हक्कच आहे. पण दार सरसकट बंद करू नये. हजरत शिफा (रजि.) यांनी उम्मुल मोमिनीन हजरत हफ्सा (रजि.) यांना लिहिणे शिकविले. हजरत रुफैदा (रजि.) यांच्या तंबूत जखमींची शुश्रूषा होई आणि तो तंबू मशिदीतच होता. आपल्या पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी १८५६ मध्ये आजारपणात माहेराहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाची आठवण काढली आहे. आपल्यामागे तिच्यावर कामाचा भार पडला असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा विश्वास त्यात आहे. कुरकुर न करता काम करणारी ही फातिमा आपल्या मुलींची थोरली बहीण आहे.

आणखी एक शंका हळू आवाजात विचारली जाते. गटात सगळ्या धर्मांची मुले, गावही बहुतेक इतरांचे; मग आपल्या मुलांनी तिथे का राबावे? उत्तर सीरतमध्ये आहे. प्रेषित (स.) सुमारे वीस वर्षांचे असताना मक्केत एका परक्या व्यापाऱ्याचा माल घेऊन त्याचे पैसे बुडविले गेले. तेव्हा काही सज्जनांनी अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी जमून पीडिताची बाजू घेण्याचा करार केला. तो 'हिल्फुल फुजूल'. प्रेषित (स.) त्यात सहभागी होते आणि नबुव्वतनंतरही त्यांनी सांगितले की, अशा करारासाठी आज बोलावले तरी आपण जाऊ. त्या घरात जमलेले लोक मुस्लिम नव्हते. काम न्यायाचे होते. आपल्या महाविद्यालयीन मुलांचे वयही नेमके तेच आहे. आपल्या शेजारगावाला आपली ओळख भाषणांतून होणार नाही. बंधाऱ्यावर बरोबरीने माती वाहणाऱ्या, नमाजची वेळ होताच ओढ्यावर वुजू करून शांतपणे नमाज अदा करणाऱ्या आणि पुन्हा पोते उचलणाऱ्या मुलांतून ती होईल.

यश कशाला म्हणावे

मदीनेच्या त्या सत्तर जणांची कथा अजून पूर्ण झालेली नाही. काही लोकांनी प्रेषितांकडे (स.) येऊन विनंती केली की, आम्हाला दीन शिकविण्यासाठी माणसे पाठवा. प्रेषितांनी (स.) याच सत्तर जणांना पाठविले. वाटेत, बिअरे मऊनाजवळ, हिजरी सन ४ मध्ये त्यांच्याशी दगाफटका झाला आणि त्यांना शहीद करण्यात आले. प्रेषितांना (स.) या घटनेचे इतके दुःख झाले की महिनाभर ते नमाजमध्ये घातकी टोळ्यांविरुद्ध दुआ करीत राहिले. त्या सत्तरांत अनस (रजि.) यांचे मामा हजरत हराम (रजि.) होते. पाठीमागून भाला आरपार गेला, तेव्हा त्यांच्या मुखातून निघालेले उद्गार असे की, काबाच्या पालनकर्त्याची शपथ, मी यशस्वी झालो.

दरवर्षी निकालाच्या दिवशी आपण घरोघरी यश हा शब्द उच्चारतो, पेढे वाटतो. वाटावेत, मुलांचे कष्ट त्या योग्यतेचे असतात. पण रात्री कुरआन शिकणारा आणि दिवसा गरिबांसाठी लाकडे वाहणारा तो विद्यार्थी कोणत्या गोष्टीला यश म्हणाला, हेही आपल्या मुलांच्या कानावर घालू या. ज्याने शिकलेले लोकांच्या उपयोगी आणले आणि मोबदला अल्लाहवर सोपविला, त्याला त्याचा निकाल हाती येण्यापूर्वीच दिसला होता.

हे अल्लाह, आमच्या मुलामुलींना लाभदायक ज्ञान दे आणि ज्या ज्ञानाचा कुणाला उपयोग नाही त्यापासून त्यांचे रक्षण कर. त्यांच्या अभ्यासात बरकत दे, त्यांच्या हातांना सेवेची गोडी लाव आणि त्यांच्या अंतःकरणांना दिखाव्यापासून दूर ठेव. ज्या आई-वडिलांनी आपल्या गरजा मारून त्यांना शिकविले, त्यांना या मुलांच्या प्रत्येक सत्कृत्याचा वाटा दे. आमच्या डोंगरदऱ्यांतील वाड्या-वस्त्यांवर, तिथे राहणाऱ्या सर्व माणसांवर आपली कृपा कर. आमीन.